उभी राहिलेली धाटं

शेतीशाळेत कुणी काही विचारलं की आप्पा लगेच बोलत नाहीत. खिशातले दादर ज्वारीचे दाणे तोंडात टाकतात आणि चावून होईपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवतात. त्यांच्याबरोबर शेतीशाळा घेताना मला त्याचा राग यायचा.

एका वर्षी अवकाळीत त्यांची बियाण्याची दादर लोळली. दुसऱ्याच दिवशी विसरवाडीकडचे शेतकरी ती बघून बियाणं न्यायला येणार होते. बांधाकडची धड बाजू दाखवा, असं मी सुचवलं. आप्पांनी सगळ्यांना थेट आडव्या पिकात नेलं.

"पहिले आठे देखा," पायाशी पडलेल्या धाटांकडे बोट करत ते म्हणाले.

"मंग हाई बियानं आम्ही कसाले पेरानं?" एका बाईने विचारलं.

आप्पा बराच वेळ चावत राहिले. "आते ऱ्हाऊ द्या. पहिले मीच पेरसू."

माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन परतली. आप्पा त्या चिखलात उभ्या राहिलेल्या मोजक्या धाटांना खुणेसाठी चिंध्या बांधत बसले. पुढे दरवर्षी त्यांनी वाऱ्यात टिकलेल्या धाटांचंच बी पेरलं.

यंदा पुन्हा अवकाळी आला. दादर वाकली, पण पडली नाही. मळणीनंतर तीच बाई पिशवी घेऊन दारात आली.

"आप्पा, आते?"

त्यांचा हात खिशाकडे गेलाच नाही. त्यांनी सरळ तिच्या पिशवीत बियाणं ओतलं.

"लई ज्या."