फोटोत गोरी झालेली आजी

२००२ साली मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आले. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम होतं. वय एकोणतीस. पुण्यात ठरलेलं माझं लग्न आदल्या वर्षी मोडलं होतं. साखरपुड्याची तारीखसुद्धा धरली होती. मग मुलाकडच्या कुणीतरी दांडेलीला जाऊन चौकशी केली आणि आठ दिवसांत निरोप आला, पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही म्हणतात. पत्रिकेचं काही नव्हतं हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं, पण बोललं कुणीच नाही.

कारण होती बाबांची आई. ती सिद्दी होती. कर्नाटकातल्या हल्याळ-येल्लापूरच्या जंगलात या लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले गुलाम. त्यातले कित्येक गोव्याच्या पोर्तुगिजांकडून पळून घाटावरच्या जंगलात शिरले आणि तिथलेच झाले. आजोबा मराठा, दांडेलीच्या लाकूड डेपोत कारकून. आजी तिथं मजुरीला यायची. दोघांनी लग्न केलं आणि आजोबांच्या घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं. पुढे बाबा शिकायला पुण्याला आले ते पुण्याचेच झाले. मी चार वर्षांची असताना आजी गेली. घरात तिच्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "ती कारवारकडची होती." खरं काय ते मला आत्यानं सांगितलं, मी कॉलेजात असताना. तेही मी आरशासमोर माझ्या केसांवरून रडत होते म्हणून.

हर्नडनमध्ये मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेले की हमखास कुणीतरी काकू विचारायच्या, "तू साउथची का गं? मराठी मात्र छान बोलतेस." मी हसून सोडून द्यायचे. सोमवारी सकाळी केस इस्त्रीसारख्या यंत्रानं सरळ करून ऑफिसला जायचे.

दुसऱ्या वर्षी माझा जबडा दुखायला लागला. डेंटिस्टनं तपासलं आणि म्हणाला, "तू झोपेत दात आवळतेस. कसलं टेन्शन आहे?" मी म्हटलं, काही नाही. त्यानं दातांत धरायला प्लॅस्टिकची पट्टी दिली आणि जाता जाता सुचवलं, हातानं करायचं काहीतरी शीक. म्हणून मी कम्युनिटी सेंटरच्या शनिवारच्या पेंटिंग क्लासमध्ये नाव घातलं. शाळेनंतर ब्रश धरला नव्हता.

शिकवणारी बाई साठीच्या पुढची होती. तीस वर्षं टपाल वाटून रिटायर झालेली. चालणं अजून तसंच झपाझप. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझी माणसं कुठली?"

"इंडिया."

"ते कळलं. त्याच्याआधी?"

हा प्रश्न आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी विचारला होता त्यांना काहीतरी पकडायचं होतं. तिला तसं नव्हतं. तरी मी म्हटलं, माहीत नाही.

ती फक्त माणसांचे चेहरे काढायची, आणि तेही ज्यांचा एकही फोटो नाही अशा तिच्या घरच्या माणसांचे. तिची पणजी काळी होती आणि पणजोबा तिथल्याच नदीकाठच्या मूळ रहिवाशांपैकी. "गुलामीतून पळून आलेल्या माणसांना त्या लोकांनी आसरा दिला, मग लग्नं झाली," ती सांगायची. "पण व्हर्जिनियात एक कायदा आला. कागदावर एकतर गोरा, नाहीतर रंगीत. माझ्या आजीच्या जन्माच्या दाखल्यावर कुणीतरी 'इंडियन', म्हणजे इथले मूळ रहिवासी, हा शब्द खोडून 'कलर्ड' लिहिलंय. खोडलेलं अजून वाचता येतं." तो दाखला तिनं मला दाखवला. आजी त्या विषयावर कधी बोलली नाही, म्हणून ही चित्रं काढते, असं तिचं म्हणणं. "मनाला बरं वाटतं का, विचारशील, तर हो. पण बरं वाटावं म्हणून काढायला बसलीस तर चित्र बिघडतं."

त्या दिवशी मी तिला आजीबद्दल सांगितलं. सगळं. अमेरिकेत आल्यावर 'सिद्दी' हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, "फोटो आहे?"

होता. आत्याकडे बेळगावात. मी फोन केला, आणि महिन्याभरानं पुठ्ठ्यात घालून तो आला. लग्नानंतरचा, स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर हातानं रंग भरायची तेव्हा पद्धत होती. त्या स्टुडिओवाल्यानं आजीचा चेहरा आणि हात गुलाबीसर गोरे करून टाकले होते. आजोबांना हातही लावला नव्हता.

बाईनं भिंग घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, "हे बघ." आजीच्या कानामागं, मानेपर्यंत, रंग लावायचा राहून गेला होता. तिथं बोटभर जागा गडद होती. "इथून सुरू कर," ती म्हणाली.

तिनं मला पहिली सक्त ताकीद दिली ती म्हणजे ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. "तो मेलेला रंग आहे. कुणाचीच कातडी तशी नसते." मी विटकरी आणि गडद निळा मिसळून पाहिला, त्यात पिवळा घातला, लाल घातला. कधी चिखल होई, कधी चॉकलेट. तीन शनिवार गेल्यावर मी आत्याला फोन लावला.

"आत्या, आजीचा रंग कसा होता?"

"काळी होती. अजून कसा?"

"तसं नको गं. नीट आठवून सांग."

कॉलिंग कार्डावर मिनिटं जात होती. मग आत्या म्हणाली, "डेपोत पाऊस पडून गेला की शिसवीचे ओंडके दिसतात बघ, तसा. कपाळावर जरा लाली. आणि हसली की गाल चमकायचे." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं."

पुढच्या शनिवारी रंग जुळला. निळ्यात थोडा किरमिजी जास्त घालायचा होता, एवढंच. मला रडू वगैरे आलं नाही. सपाटून भूक लागली. बाईबरोबर समोरच्या दुकानात जाऊन मी पॅनकेक खाल्ले. पुढे कधीतरी लक्षात आलं की जबडा दुखत नाही. केस सरळ करणंही त्याच सुमारास सुटलं. ठरवून काही केलं नाही.

चित्राला दीड वर्ष लागलं. २००६ च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा अमेरिकेत आली, तेव्हा ते जवळजवळ पूर्ण झालं होतं. तिला न्यायला विमानतळावर जाण्याआधी मी ते कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर चित्र सोफ्यावर टेकवलेलं आणि आई समोर जमिनीवर बसलेली. तिनं व्हॅक्यूम करायला म्हणून कपाट सरकवलं होतं.

आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी चपला न काढताच उभी राहिले.

"नाक चुकलंय," आई म्हणाली.

"काय?"

"सासूबाईंचं नाक असं नव्हतं. रुंद होतं. तू बारीक काढलंस."

मी पाहिलं. खरंच, फोटोत होतं त्याहून मी ते बारीक केलं होतं आणि दीड वर्षात माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्टुडिओवाल्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या होत्या.

"तुला एवढं आठवतंय?"

"शेवटचे तीन महिने त्या अंथरुणावर होत्या. रोज तोंड मी पुसायचे त्यांचं. मला नाही आठवणार?"

"मग 'कारवारकडची' का म्हणायचात सगळे?"

आईनं पदरानं चित्राच्या कडेची धूळ पुसली. "त्यांनीच सांगितलं होतं. नातीचं लग्न होईपर्यंत बोलू नकोस म्हणाल्या. मी शब्द दिला होता."

"आणि लग्न मोडलं तेव्हा?"

"तेव्हा बोलायला हवं होतं," आई म्हणाली. "नाही बोलले. भीती वाटली."

मला तिचा राग आला, आणि त्या रागातच मी चहा केला. पण रविवारी मी रंग काढले तेव्हा ती स्टूल ओढून शेजारी येऊन बसली. "अजून. इकडून अजून थोडं. हां, बास." नाक झालं. मग तिनं ओठही सुधारून घेतले.

आई परत जायच्या आधी कम्युनिटी सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये क्लासची चित्रं लावली. खाली चिठ्ठीवर काय लिहायचं ते मी बाईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आईला विचार. आई म्हणाली, "लिही सिद्दी. मराठीतपण लिही." मी दोन्ही लिपींत लिहिलं. त्या संध्याकाळी आमच्या मंडळातल्या एक काकू मुलाला पोहण्याच्या क्लासहून न्यायला आल्या होत्या. मराठी अक्षरं दिसली म्हणून थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "या कोण हो?"

"माझ्या सासूबाई," आई म्हणाली. "हल्याळच्या. ही माझी मुलगी, हिनं काढलंय."

काकू "अगंबाई" म्हणाल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे पाहिलं. अजून काही विचारलं नाही. आईचे कान लाल झाले होते, पण ती तिथून हलली नाही.

२००८ मध्ये रजेवर गेले तेव्हा कॅनव्हास गुंडाळून पुण्याला नेला. बाबांना आईनं फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले होते. मी तो पलंगावर उलगडला. ते चष्मा लावून वाकले, बराच वेळ.

"कानातली कुठून काढलीस?"

"आत्यानं सांगितली."

"एकाच कानात हवं. उजवीकडचं पडलं होतं डेपोत. नवं घेऊ म्हटलं तरी ती एकच घालायची." मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि जेवणाची वेळ होऊन गेली तरी आपल्या आईबद्दल बोलत राहिले. ती मध कसा काढायची, लाकडाच्या गंजीवर बसवून त्यांना भात कसा भरवायची, शाळेत आली तर ते तिला फाटकाबाहेरच थांबायला सांगायचे. शेवटचं सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

फ्रेम त्यांनी स्वतः करून आणली. हॉलमध्ये लावू या का, असं आईनं विचारलं. "एवढ्यात नको," ते म्हणाले. चित्र अजून आतल्या खोलीत आहे. आल्यागेल्याला आई आत नेऊन दाखवते.