वाजवून पाहिलेलं हॉस्टेल

डिझेल आणि अगरबत्तीचा वास एकत्र आला की मला पप्पांच्या ट्रकची केबिन आठवते. बारावीनंतर त्यांनी मला कळंबोलीहून त्याच ट्रकमधून पुण्याचं कॉलेज दाखवायला नेलं. हॉस्टेलचं विचारलं की ते फक्त "बघू" म्हणायचे. निघताना त्यांनी नेहमीसारखा प्रत्येक टायर रॉडने वाजवला, कान देऊन ऐकला आणि "चालेल" म्हणून स्टार्टर मारला. उंच केबिनमधून अख्खा घाट दिसत होता, पण माझा जीव त्या 'बघू'तच अडकलेला. हॉस्टेलच्या खोलीत शिरताच पप्पांनी खिडकीचे गज, खाट, दाराची कडी, सगळं बोटाने वाजवून पाहिलं. रेक्टरबाई बघतच राहिल्या. "चालेल," पप्पा म्हणाले. आता नोकरीच्या गावी नवी खोली घेतली की मी फोन करते. ते भाडं विचारत नाहीत. "कडी वाजवून बघितलीस?" एवढंच विचारतात.