खंडेरावाचे डोळे

बोहाडा, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायचा आमचा उत्सव, जवळ आला की खोडाळ्याच्या आमच्या घरी सासरे खंडेरावाचा मुखवटा उन्हात घेऊन रंगवायला बसतात. कुठल्या देवाचं सोंग कोणी नाचवायचं, हे आमच्याकडे घराण्यावर ठरलेलं असतं. खंडेराव आमच्या घरचा. डोळे मात्र ते नाचायच्या दिवशीच रंगवतात. तोवर ते नुसतं लाकूड, असं त्यांचं म्हणणं.

मी शाळेत शिकवते आणि ब्लॉग लिहिते. गेल्या वर्षी या मुखवट्यावर लिहिलं, फोटो टाकले. मुंबईच्या एका कंपनीचा मेल आला: लेख आवडला, सोबतचा करार मान्य करा. मी नागलीच्या भाकऱ्या थापत होते. आमचे हे मोखाड्याला कारकून, दिवसभर लोकांना 'इथे सही करा' सांगणारे. त्यांनी माझ्या फोनवर 'मान्य' दाबलं, ओटीपी टाकला आणि वर मलाच कौतुकाने सांगितलं.

"अहो, वाचलंत तरी का?"

"अगं, असलं कोणी वाचतं का? तुझा लेख घेतायत, जमीन नाही!"

मी वाचत गेले. तव्यावरची भाकरी करपली. लेख, फोटो आणि फोटोतली आकृती, सगळे हक्क कायमचे त्यांचे. खाली लिहिलं होतं की हे सारं माझ्याच मालकीचं आहे, आणि तसं नसेल तर नुकसानभरपाई मी द्यायची.  मुखवटा माझा नाही, सासऱ्यांचा आहे, असं कंपनीला कळवलं, तर उत्तर नाही. नंतर फोन वाजला तरी मी दचकायचे.

यंदा मुखवटा रंगवायला घेतला आणि कंपनीचं पत्र आलं. आकृती कपड्यांवर छापायची आहे, मूळ मालकाने हक्क सोडल्याची सही पाठवा.

जव्हारचे वकील म्हणाले, "जे तुमचं नाही ते तुम्ही देऊच शकत नाही. मुखवटा काही गेला नाही. पण तो तुमचाच आहे असं तुम्ही लिहून दिलंय. सही मिळाली नाही तर भरपाईसाठी ते तुमच्या मागे लागतील."

"बटण मी दाबलं नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

"फोन तुमचा, ओटीपी तुमचा."

सोबत आलेले हे कराराचे कागद पिशवीत भरू लागले. मला त्यांचा इतका राग आला की परतीच्या जीपमध्ये मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

घरी त्यांनीच सासऱ्यांना सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही सही करू नका," मी म्हटलं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे." मनापासून म्हटलं, आणि ते ऐकतील की काय अशी भीतीही वाटली.

"नाय केली तं हिला कोर्टात नेतील?" त्यांनी मुलाला विचारलं. ह्यांनी मान डोलावली. सासऱ्यांनी सही केली, आणि कुंचला धुऊन ठेवला.

बोहाड्याच्या दिवशी संबळ वाजू लागला. मी काळ्या रंगाची वाटी त्यांच्यापुढे धरली.

"आता डोळं काढायचं तं त्या कंपनीवाल्यांना ईचारून, पोरी," ते म्हणाले. आणि बिनडोळ्यांचा खंडेराव तोंडाला बांधून नाचायला निघाले.