बांगड्यांची पेटी घेऊन धायरीला

स्वारगेटला एसटीतून उतरले तेव्हा माझ्या पेटीतून बर्फाचं पाणी गळत होतं. रिक्षावाल्याने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, समुद्र तिकडेच ठेवून यायचा ना!" पण धायरीला पोचल्यावर त्यानेच पेटी उचलून पायरीवर ठेवली. पुण्याचं हे मला आवडलं बाई. टोमणा मारतील, पण हात लावतील.

धायरीत केतकीताईंची प्रयोगशाळा आहे. समुद्रात मासळी किती उरली, तिची तब्येत कशी आहे, हे त्या तपासतात. आमच्या बंदरातून त्यांना गेली दोन वर्षं दर पंधरवड्याला बांगड्यांची पेटी जाते आणि ती मीच भरते. या खेपेला निकाल ऐकायला गावाने मलाच धाडलं. निकाल चांगला आला तर आहेत तीच जाळी चालणार, वाईट आला तर बारीक मासळी सुटून जावी म्हणून मोठ्या आसाची (भोकांची) जाळी घ्यायची, असं ठरलेलं. माझ्या मुलाला नवी जाळी नकोच होती. "आई, चांगलंच ऐकून ये," त्याने निघताना बजावलं होतं.

केतकीताईंनी माझ्यासमोर पेटी उघडली. एकेक बांगडा पट्टीवर ठेवायचा, लांबी घ्यायची, पोट चिरून गाबोळी (अंड्यांची पिशवी) बघायची, वहीत लिहायचं. घाई नाही, कंटाळा नाही. जन्मभर मासळीत हात असून माशाला इतक्या मानाने वागवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. दुपारी जेवायला मात्र मटकीची उसळ!

"ताई, तुम्ही मासे खात नाही?"

"नाही हो काकू. वासाची सवय झाली, चवीची काही होईना."

कमालच म्हणायची!

जेवण झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "काकू, तुमचे बांगडे छान भरलेले आहेत. बहुतेकांनी एकदा तरी अंडी घातलेली दिसतात. आहेत ती जाळी चालतील." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी सहज विचारलं, "टोपलीतून हाताला येतील तसेच भरता ना?"

"छे हो! निवडून भरते. बारीक मासळी कुणी परगावी पाठवतं का? ती आम्ही घरी सुकवतो."

त्यांची लेखणी थांबली. "टोपलीत बारीक किती असतात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चांगले चांगले पाठवत होते आणि त्या समुद्र चांगला आहे असं लिहीत होत्या. 'थोडेसेच' म्हणून सुटता आलं असतं. मुलाचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पण सकाळपासून त्या बाईचे हात बघत होते, खोटं बोलवेना.

"अर्ध्याहून जास्त," मी म्हणाले.

त्यांनी निकालावर आडवी रेघ मारली. रागावल्या नाहीत. "मीच आधी विचारायला हवं होतं. पुन्हा सुरुवात करू." दोन वर्षांची मेहनत माझ्या मोठेपणाने वाया घालवली होती. मला रडूच आलं, तर त्यांनी चहा टाकला.

परतल्यावर मुलाला सगळं सांगितलं. दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बंदरावर मी टोपलीत हात घातला आणि न बघता पेटी भरली. वर सगळे चिमुकले बांगडे.

"हे पुण्याला पाठवणार? लाज नाही वाटत?" तो म्हणाला.

"वाटते की. म्हणून तर इतके दिवस लपवले."

 तो जाऊन बर्फ घेऊन आला.