गरम मोजलेल्या पिना

सातपूरच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं लेथवर काम केलं. पर्मनंट होतो, कँटीनच्या जेवणाला नावं ठेवायचा पूर्ण हक्क होता, तरी खाज सुटली. दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबायचं, असं चारचौघांत बोलून बसलो आणि मग माघार घ्यायची लाज वाटली. राजीनामा दिला, अंबडला गाळा भाड्याने घेतला, जुनं लेथ मशीन बसवलं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. नारळ फोडताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सायखेड्याची. तिच्या माहेरी कुणाच्याच नावाची पाटी कधी लागली नव्हती.

पहिलं काम जुन्या कंपनीनेच दिलं. यंत्रात बसणाऱ्या दोनशे पिना, पोलाद त्यांचं, मेहनत माझी. तिथे माल तपासायला बसणाऱ्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता. तो अप्रेंटिस म्हणून आला तेव्हा त्याला मायक्रोमीटर धरायला मीच शिकवलं होतं. पहिला धडा हाच, की मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार नग, लगेच मोजायचा नाही. तापलेलं पोलाद फुगलेलं असतं, निवलं की आखडतं.

कंपनीत जॉबवर सतत गार पाण्याची धार असायची. माझ्या मशीनचा पाण्याचा पंप बंद होता. तो दुरुस्त करून मग कामाला हात घातला असता तरी चाललं असतं, आठवड्याची मुदत होती. पण फुशारकी मारून मीच चार दिवसांत देतो म्हणालो होतो. एप्रिल महिना, वर पत्रा. पिन उतरवायची, चटका बसत असतानाच मोजायची आणि बायकोकडे द्यायची. ती पुसून, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळायची. प्रत्येक माप बरोबर येत होतं आणि मी हवेत होतो. चौथ्या दिवशी सकाळी वाटलं, दोन-चार गार पिना पुन्हा मोजून बघाव्यात. मोजल्या नाहीत. काय निघेल याची भीती होती म्हणूनच मोजल्या नाहीत.

कंपनीत एसीच्या खोलीत त्या माल तपासणाऱ्याने एकेक पिन मोजली. सगळ्या केसभर बारीक. जाड असत्या तर पुन्हा मशीनवर घेता आल्या असत्या. बारीक झालेली पिन भंगारातच जाते. त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, गरम मोजल्या का?"

"नाही रे. माझं मायक्रोमीटरच बिघडलंय."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. त्या कंपनीचं काम पुन्हा मिळालं नाही, आणि ही गोष्ट पसरल्यावर दुसऱ्या कुणी दिलंही नाही. आता माझ्या गाळ्याच्याच गल्लीत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मशीन चालवतो. जाता-येता स्वतःची पाटी दिसू नये म्हणून पलीकडच्या बाजूने चालतो.

घरी बायकोलाही तेच खोटं सांगितलं होतं. तिने ते मनापासून धरून ठेवलं. नातेवाइकांत कुणी माझ्याबद्दल वाकडं बोललं की ती भांडते. मी कोपऱ्यात बसून ऐकतो.

माझं मशीन अजून गाळ्यातच आहे. मालक दुसरा भाडेकरू बघतोय हे कळल्यावर परवा ती मला न सांगता त्याला भेटून आली.

"म्या त्याला सांगितलं, दिवाळीपर्यंत कोणाला देऊ नको," ती भाकरी वाढताना म्हणाली. "बचत गटातून पैसे उचलते. चांगलं नवं मीटर घेऊ. तुमचा हात नाय चुकायचा, मला ठावं हाय. त्या मेल्या मीटरनं लय नुकसान केलं."

मी खाली बघून जेवत राहिलो. नवं मीटर आलं तरी ते धरणारा मीच असणार आहे, हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि मला आणखी भाकरी हवी असं समजून तिने ती ताटात वाढली.