परत जाणारी माणसं

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर गोड्या मसाल्याच्या आमटीचा वास आला आणि मी कठडा धरून क्षणभर थांबले. शरदातली दुपार होती. सिमेंटच्या जाळीतून उन्हाचे चौकोन पायऱ्यांवर सांडले होते, खाली मोमोच्या गाडीपाशी कोचिंगच्या मुलांचा कलकलाट चालला होता, आणि त्या सगळ्याच्या वर, लखनौच्या विकासनगरमध्ये, कुणीतरी चिंचगुळाची आमटी उकळत होतं. पुढे चाललेला दलाल मागे वळून म्हणाला, "बुज़ुर्ग लोग हैं मैडम, महाराष्ट्र के. बहुत सीधे हैं." मी नुसती हसले. ते किती सरळ आहेत हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

हे घर आपटेकाकांचं. त्याआधी काही आठवडे, कागदावर का होईना, ते माझ्या बाबांचं होतं. दोघे एकाच संशोधन संस्थेत. संस्थेतल्या मंडळींनी सोसायटी काढून इथे तीन मजली इमारती बांधल्या, तेव्हा या भागात आमराया होत्या आणि संध्याकाळी कोल्हे ओरडत. सोडतीत बाबांचं नाव निघालं. प्रतीक्षायादीत पहिलं नाव आपटेकाकांचं. मग एका संध्याकाळी काका आमच्या क्वार्टरवर आले, आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली, आणि बाबांना आपलेपणाने समजावत बसले की, अरे लिमये, आपण परत जाणारी माणसं, निवृत्त झालो की सांगलीला जायचं, इथे परमुलखात भिंती बांधून काय करणार? बाबांच्या मनात सांगली सदैव ओलीच असायची. त्यांनी नाव मागे घेतलं. महिनाभरात त्याच जागेची वास्तुशांत आपटेकाकांनी केली. बाबा जेवायला जाऊन आले. पुढे त्यांनी काकांचं तोंडही पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर गेलं. सांगलीच्या घराच्या तोवर भावाभावांत वाटण्या झाल्या होत्या, परत जायला जागाच उरली नव्हती. या शहरात बाबांनी पाच भाड्याची घरं बदलली आणि पाचव्या घराच्या मागच्या खोलीत ते गेले. बाहेर व्हरांड्यात माणसं जमत असताना घरमालकाने अस्सल लखनवी अदबीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, अजून साधारण किती वेळ लागेल? तो प्रश्न मी विसरले नाही. त्या प्रश्नाचा राग घरमालकावर कधी निघालाच नाही. तो थेट, न चुकता, आपटेकाकांच्या दाराशी जाऊन बसला.

म्हणून हे घर विकायला निघाल्याचं कळलं तेव्हा मी यजमानांचं काही ऐकलं नाही. ते म्हणत होते, वृंदावन योजनेत लिफ्टचं, नवं कोरं घर मिळेल. इथे खाली जिम, शेजारी ब्यूटी पार्लर, जिना चढायचा, भिंतींना पोपडे. मला तेच पोपडे हवे होते. सासरचं आडनाव श्रीवास्तव, केस पांढरे, बोलणं इथलं. बाराव्या वर्षानंतर मला न पाहिलेल्या काकांनी ओळखावं असं माझ्यात काही उरलं नव्हतं. "आइए बेटा, बैठिए," ते म्हणाले, आणि मी शुद्ध हिंदीत नमस्कार केला.

इथल्या मराठी घरांची एक जुनी खोड आहे. भाजीवाल्यापुढे, साडीच्या दुकानात, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना आम्ही बिनदिक्कत मराठीत खलबतं करतो. समोरच्याला कळत नाही, या खात्रीवर आमची निम्मी हुशारी उभी असते. काकाही तसेच काकूंना म्हणाले, "न्हाणीची ओल त्या कपाटामागे आहे, ते हलवू देऊ नकोस हिला." मी चहाचा घोट घेतला, सावकाश उठले, आणि दलालाला म्हटलं, "भैया, ज़रा यह अलमारी हटवाइए." काकांचा चेहरा पडला. त्या क्षणाची गोडी अजून माझ्या जिभेवर आहे. खोटं कशाला बोलू?

मी तीनदा गेले. एकदा पुरलं असतं, पण मला पुरवून पुरवून खायचं होतं. त्यांनी मराठीत झाकावं आणि मी हिंदीत उघडावं, असा खेळ चालला. गच्चीची गळती, कुजलेली चौकट, काही सुटलं नाही. दुसऱ्या खेपेला काकू खिडकीपाशी बसून, माझ्यासमोरच, डोळे पुसत म्हणाल्या, "मुलगा कॅनडातून फर्मावतो, पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात जा. मला नाही जायचं. तिथे माझं कोण आहे? माझी माणसं इथे आहेत." ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "ज्यांची जागा होती त्यांची हाय लागली आपल्याला," आणि काका खेकसले, "गप्प बस. त्याला नको होती, मी घेतली." मी चहा संपवून कपबशी खाली ठेवली. त्याच दिवशी मी सौदा पक्का केला, आणि किल्ली हातात पडल्यावर बोलायची दोन मराठी वाक्यं मनात घोटत राहिले.

पौषातल्या सकाळी घर रिकामं झालं. बाहेर दाट धुकं होतं आणि उघड्या खोल्यांत जुन्या चुन्याचा, डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. काकांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मी मूठ मिटली आणि म्हटलं, "काका, मी लिमयांची मुलगी. तुमचं मराठी मला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

त्यांनी मान खाली घालावी, थिजून जावं, एवढीच माझी मागणी होती. पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याची मी तयारीच केली नव्हती. तो आनंद होता. "अगंबाई, वसू ना तू?" म्हणत काकूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. काका भिंतीला टेकले, त्यांचा आवाज कापत होता. "किती वर्षांनी गं घरात तिसऱ्या माणसाचं मराठी ऐकतोय. बस ना जरा, बस. बाबा कसा आहे तुझा? त्याला सांग, मी..."

बाबा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मी हात सोडवून घेतला. "पापा बहुत अच्छे हैं, अंकल," मी म्हणाले, "अपने घर में हैं. नीचे गाड़ी खड़ी है आपकी."

माझ्या हिंदीने ते दोघे इतके हळूच विझले की मी पाहत राहिले. काका काकूंचा दंड धरून जिना उतरू लागले. गाडी धुक्यात गेली तेव्हा मी खिडकीशी उभी होते, आणि सूड पुरा झाल्यावर मनाला मिळायला हवी ती शांती कधी येते याची वाट पाहत होते.

आली नाही, असं म्हणणार नाही, थोडी आली. पण तिच्या मागोमाग ध्यानात आलं की या शहरात माझ्या बाबांना 'अरे' म्हणणारा शेवटचा माणूस मी आत्ताच जिन्यावरून खाली लावून दिला. माझे यजमान हिंदीत बोलतात, मुलीला मराठी कळतं पण ती उत्तर हिंदीत देते; या भिंतींशी बाबांच्या भाषेत बोलायला आता मी एकटीच. आणि 'त्याला सांग' याच्यापुढे काय होतं? क्षमा होती, सबब होती, की सांगलीची एखादी साधी आठवण? मी ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच, बाबांसाठी होतं. आणि तरीही पुन्हा तीच सकाळ आली, तर मी पुन्हा हिंदीतच बोलेन, असं वाटतं.