लाखेचा सांधा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी दयाराममामांचं नाव घेईन. ते सख्खे मामा नव्हेत, शेजारचे. शिक्षण सातवीपर्यंत. पण गावात कोणाचंही सरकारी पत्र आलं की ते आधी त्यांच्या ओसरीवर यायचं. वनहक्काच्या दाव्यांपासून माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत सगळं त्यांनीच वाचलं, भरलं.

त्यांचा चष्मा मधोमध, नाकावर मोडलेला होता. नवा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "काचा बऱ्या हायेत न? मंग काऊन फेकू?" पळसावरची लाख ते निखाऱ्यावर धरत, तिचा थेंब सांध्यावर सोडत, ओल्या बोटाने दाबत. वरून दोरा गुंडाळत. उन्हाळ्यात लाख मऊ होऊन चष्मा पुन्हा सुटायचा. "मे महिना लागला का हा अन् मी, दोघंही नरम पडतो," म्हणत ते नव्याने सांधायला बसत. नाकावर तो तांबडा गोळा घेऊन मोठ्या ऐटीत वाचत.

मी गावातला पहिला पदवीधर. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात सत्कार ठरला, तेव्हा शाल मामांच्या हातून हवी असं मीच सरांना सांगितलं. गावची माणसं जीप भरून आली. मामा उतरले आणि मला आधी तो गोळाच दिसला. माझे मित्र जवळच उभे होते. मी मामांना बाजूला नेऊन म्हणालो, "स्टेजवर चष्मा काढा न मामा. फोटोपुरता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

स्टेजवर सत्काराचे आम्ही चौघे विद्यार्थी रांगेत उभे. मामांनी शाल माझ्या शेजारच्याच्या खांद्यावर घातली आणि त्याच्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला. सभागृह हसलं. मीही हसलो. चूक कळली तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "जाऊ दे, तोही आपलाच पोट्टा."

आता मी माजरीला नोकरी करतो. परवा आईने फोनवर सांगितलं, लोक मामांना टोमणे मारतात. "ज्याले शिकवलं तो पोट्टा वळखू नाई आला, अन् कागद काय वाचते हा?" कागद आता तालुक्याला नेतात. मामांची ओसरी दिवसभर रिकामी. ते आईला म्हणाले, वय झालं, डोळे गेले. चष्मा कोणी काढायला लावला, हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही.

मी मामांना फोन लावला. त्यांचा आवाज ऐकून ठेवून दिला. मग हे पत्र पाठवलं.

"मामा, साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे गेलेले नाहीत. त्या दिवशी चष्मा मी काढायला लावला, कारण मला लाज वाटली. चष्म्याची थोडी, तुमचीच जास्त. लोक हसले तेव्हा मीही हसलो.

हे पत्र ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवा, असं लिहिणार होतो. पण तुम्ही वाचणार नाही. माझी अब्रू झाकाल. म्हणून रविवारी येतो. माणसं बोलावून ठेवा. मीच वाचतो.

तुमचा,
प्रकाश"